हाड किती झिजलं? एआयचा आकडा आणि हिरड्यांची तपासणी

प्रश्न (निपाणी): माझं वय २८. दवाखान्यात एआयने एक्स-रेवर रेघा ओढून एका दाढेचं ३० टक्के हाड गेल्याचं दाखवलं. दात तर एकही हलत नाही. खरं मानायचं का?

उत्तर: मनावर घ्या. दात हलणं ही फार उशिराची खूण. एआय प्रत्येक दाताच्या तीन जागा हेरतं: इनॅमल संपून मूळ सुरू होतं ती रेषा, हाडाची वरची कड आणि मुळाचं टोक. निरोगी हाडाची कड त्या रेषेपासून साधारण २ मिमीच्या आत असते. त्यापलीकडची झीज मुळाच्या लांबीच्या किती टक्के, तो तुमचा आकडा. १५ ते ३३ टक्के म्हणजे हिरड्यांच्या आजाराची दुसरी पायरी. पण मला जास्त काळजी वाटते ती तुमच्या वयाची. टक्केवारीला वयाने भागतात. उत्तर १ च्या वर गेलं तर झीज वेगाने चालली आहे असं धरतात. तुमचं १.०७ येतं.

म्हणूनच आकडा पक्का करून घ्या. एक्स-रे तिरका आला किंवा वरच्या दाढांची मुळं एकमेकांवर आली की रेघ चुकते. गालाच्या आणि जिभेच्या बाजूचं हाड तर दाताच्या सावलीत लपतं. डॉक्टरांनी खुणांची बारीक सळई हिरडीत घालून प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी खोली मोजायला हवी. ३ मिमीपर्यंत ठीक. ४ किंवा जास्त आणि रक्त, तर उपचार लागतात. सोबत रक्तातली साखरही तपासा.

प्रश्न (चिकोडी): बाबा बिडी ओढतात, आई मिश्री लावते. दोघांच्याही हिरड्यांतून रक्त येत नाही. तरी एक्स-रे काढायचा?

उत्तर: आधी दोघांनाही तोंड तपासायला न्या, एक्स-रे डॉक्टर ठरवतील. बिडीमुळे हिरडीतून रक्त कमी येतं आणि आतली झीज झाकली जाते. रक्त नाही म्हणून बाबांना निर्धास्त राहू देऊ नका. आईच्या गालात, ओठाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा आहे का, ते दाखवाच. हाड मोजणाऱ्या एआयला तो दिसत नाही, आणि कॅन्सरची सुरुवात तिथूनच होऊ शकते.

प्रश्न (खानापूर): एक्स-रेची फिल्म ट्यूबलाइटसमोर धरून फोटो काढला आणि मोबाइलवरच्या एआयला विचारलं तर?

उत्तर: नको. हाडाची बारीक कड अशा फोटोत पुसली जाते. दवाखान्यातून मूळ डिजिटल फाइल मागून घ्या आणि बेळगावला दाखवायला येताना जुने एक्स-रेही आणा.