व्हायरल लोड आटोक्यात, मग रक्तदाब का वाढला?

प्रश्न : माझे वय 47 असून 11 वर्षांपासून मी एचआयव्हीसाठी एआरटी (विषाणू दाबून ठेवणारी औषधे) घेत आहे. कोविडच्या महासाथीतही गोळी चुकवली नाही. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातील विषाणूंचे प्रमाण, तपासणीत आढळत नाही. मात्र त्या काळात चालणे बंद पडले, सुटलेली सिगारेट पुन्हा सुरू झाली आणि वजन नऊ किलोंनी वाढले. परवा रक्तदाब 148/94 निघाला. विषाणू दबलेला असताना हृदयाची काळजी करावी का?

उत्तर : अवश्य करावी. एआरटीने विषाणू दबला तरी शरीरातील मंद दाह पूर्णपणे शमत नाही. तो रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा करत राहतो, म्हणूनच एचआयव्हीबाधितांमध्ये हृदयविकाराचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट आढळतो. आपण गोळ्या चुकवल्या नाहीत, हे हृदयाच्याही हिताचेच झाले.

महासाथीत अनेक ठिकाणी काही महिन्यांची औषधे एकदम मिळू लागली. सोय झाली खरी. पण केंद्रावरची फेरी टळली, तसा वजनकाटाही टळला आणि रक्तदाब मोजणेही राहून गेले. व्हायरल लोडचा अहवाल चांगला आला की सारे ठीक आहे, असे रुग्णांना वाटले आणि, खेदाने म्हणावे लागते, काही डॉक्टरांनाही. शिवाय ज्यांनी घरात आजार सांगितलेला नसतो, त्यांना चालायला बाहेर पडणे हाच काय तो एकांत असतो. तो हिरावला गेल्यावर, गोळीसुद्धा दार लावून घ्यावी लागत असताना, सिगारेट परतली तर नवल नाही. वजनवाढीत एआरटीतील डोल्युटेग्राविरसारख्या औषधाचाही वाटा असू शकतो, तथापि ते स्वतःहून बंद करू नये.

आता प्रथम सिगारेट सोडावी. ती सोडण्याइतका लाभ दुसऱ्या कोणत्याही बदलातून क्वचितच मिळेल. एकाच मोजणीवरून उच्च रक्तदाबाचे निदान होत नाही, म्हणून पाच मिनिटे पाठ टेकून स्वस्थ बसावे, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवावा आणि वेगवेगळ्या दिवशी मोजून नोंदी डॉक्टरांना दाखवाव्यात. चालणे आठवड्याला 150 मिनिटांपर्यंत हळूहळू न्यावे. दहा-दहा मिनिटांचे तुकडेही चालतात.

स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधांविषयीही डॉक्टरांना जरूर विचारावे. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'रिप्रीव्ह' चाचणीत 40 ते 75 वयाच्या, हृदयविकाराचा धोका फारसा नसलेल्या एचआयव्हीबाधितांमध्येही रोजच्या पिटाव्हास्टॅटिनने हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांसारख्या गंभीर घटना सुमारे एक-तृतीयांशाने घटल्या. मात्र एआरटीत रिटोनाविर किंवा कोबिसिस्टॅट ही औषधे चालू असताना सिमव्हास्टॅटिन व लोव्हास्टॅटिन वर्ज्य आहेत; तेव्हा हृदयाची औषधे देणाऱ्या डॉक्टरांपासून एआरटी लपवू नये.