घरी पूर, इथे सेमिस्टर

प्रश्न: ताई, मी पुण्यात एमएस्सीच्या सेकंड इयरला आहे, घर परंडा तालुक्यात. सप्टेंबर २०२५ च्या पुरात सोयाबीन तर गेलंच, नदीकडची जमीनपण खरडून गेली. पप्पा म्हणतात तू अभ्यास कर, इकडचं आम्ही बघतो. पण मेसमध्ये ताटावर बसलं की घास उतरत नाही, रात्री पुराच्या रील्स बघत जागा राहतो, वाचलेलं काही डोक्यात राहत नाही. मित्र म्हणतात स्ट्राँग राहा. म्हणजे नेमकं करायचं काय?

उत्तर: 'स्ट्राँग राहा' म्हणणाऱ्यांचा मलापण राग येतो, खरंच. अ‍ॅन मास्टेन नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००१ मध्येच लिहून ठेवलंय की संकटातून सावरायला काही जगावेगळी ताकद लागत नाही, साध्याच गोष्टी लागतात, जवळची माणसं, आपल्या हातात काहीतरी आहे असं वाटणं वगैरे. तुझं नेमकं तेच सुटलंय, पप्पांनी तुला बाजूला ठेवलंय (प्रेमानेच) आणि तू लांबून नुसता रील्स बघतोयस.

मग काम मागून घे ना. पंचनामा झाला का, पीक विम्याचं काय, अनुदानाचं ई-केवायसी किंवा फार्मर आयडीमुळे अडलंय का, ही सगळी ऑनलाइन भानगड पप्पांपेक्षा तुला बरी जमेल, तेव्हा रोज संध्याकाळी एक फोन फक्त याच कामाचा कर आणि त्यानंतर पुराचे व्हिडिओ बंद, मोबाईल रूममेटकडे दे पाहिजे तर. झोप नसेल तर पाठ केलेलं टिकत नाही, त्यात तुझ्या डोक्याचा दोष नाही.

एचओडींना सांगितलंस का? नसशील तर उद्याच सांग. आपत्तीग्रस्त भागातल्या मुलांना परीक्षा फी माफ करायचे निर्णय सरकार काढतं, तुमच्या तालुक्याला लागू आहे का ते ऑफिसात विचार. विद्यापीठाची कमवा आणि शिका योजना आहे, त्यात लाज कसली!

आणि दोन आठवडे झाले तरी झोप-जेवण रुळावर येत नसेल, किंवा जगूच नये असं एकदा जरी मनात आलं, तर थांबू नको, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लाव, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

मेसच्या काकूंशीपण बिलाचं आत्ताच बोल, महिनाअखेरपर्यंत तोंड चुकवत फिरू नको. दुष्काळाच्या वर्षी पैसे उशिरा देणारी पोरं पुण्यातल्या मेसवाल्यांना नवीन नाहीत.