वाचकांचे प्रश्न : भूगोल शिकायचा, पण कोठे आणि कसा?

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातील जांबोटी भागात राहते. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले आणि सध्या बेळगावात पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला (बारावीला) विज्ञान शाखेत आहे. नकाशे, नद्या आणि जंगल यांची मला मनापासून ओढ आहे. घरचे म्हणतात की, भूगोल घेऊन फार तर शाळेत शिकवता येईल, त्यापेक्षा पर्यावरणशास्त्र घे. या दोन विषयांत नेमका फरक काय आणि मी कोणता निवडावा?
— एक विद्यार्थिनी, खानापूर तालुका

उत्तर : तुमच्याच मलप्रभेवरून फरक सांगतो. पर्यावरणशास्त्राचा विद्यार्थी नदीवर जातो तो बाटल्या घेऊन. तो पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजतो आणि नमुना २७ अंश सेल्सिअसला ३ दिवस ठेवून त्यातील सूक्ष्मजीव सेंद्रिय घाण कुजवताना किती प्राणवायू वापरतात ते काढतो. सांडपाणी, खते आणि कीटकनाशके यांचा शोध तो प्रयोगशाळेत घेतो, त्यामुळे रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र ही त्याची रोजची हत्यारे असतात. भूगोलाचा विद्यार्थी त्याच काठावर उभा राहून विचारतो की, हे पाणी कोणत्या उतारावरून आले, वाटेत कोणती माती आणि कोणते पीक लागले, वरच्या गावाने किती उपसले आणि खालच्या गावाला किती उरले. दोन्ही विषयांच्या सीमा एकमेकींत मिसळलेल्या आहेत. मात्र एकाचा भर पदार्थाच्या परीक्षणावर आणि दुसऱ्याचा स्थळ व त्या स्थळाचे संबंध समजून घेण्यावर असतो.

तुमचे पत्र वाचून मला आनंद झाला तो आणखी एका कारणाने. भूगोलाच्या पदवीसाठी जे शिकवले जाते त्यातील बराचसा भाग बेळगाव जिल्ह्यात डोळ्यांनी पाहता येतो. कणकुंबीच्या बाजूला वर्षाला ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, बेळगाव शहरात तो साधारण १,२०० ते १,३०० मिलिमीटरवर येतो आणि अथणीकडे जेमतेम ५००-६०० मिलिमीटर उरतो. सह्याद्रीचा माथा ओलांडल्यावर वारे खाली उतरतात, तापतात आणि कोरडे होतात. पर्जन्यछाया म्हणून पुस्तकात एका परिच्छेदात उरकलेली ही गोष्ट तुमच्या जिल्ह्यात जांभ्यावरचे दाट रान, भाताची खाचरे, उसाचे मळे आणि काळ्या जमिनीतली ज्वारी अशा क्रमाने समोर येते. गोकाकला घटप्रभा वालुकाश्माच्या कड्यावरून सुमारे ५२ मीटर खाली उडी घेते, आणि हा खडक दख्खनच्या बेसाल्टपेक्षा कितीतरी जुना आहे.

तुमच्या घराजवळचेच एक उदाहरण जरा सविस्तर पाहू. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे स्थलदर्शक नकाशे संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. कणकुंबीचा नकाशा घ्या आणि समोच्च रेषांवर (समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांवर) पेन्सिलने सर्वांत उंच बिंदू जोडत चला. उमटणारी रेषा हा जलविभाजक होय. रेषेच्या एका अंगाला पडलेले पाणी मलप्रभेतून कूडलसंगमाला कृष्णेत आणि पुढे बंगालच्या उपसागरात जाते, तर दुसऱ्या अंगाचे पाणी म्हादईतून गोव्यात आणि अरबी समुद्रात जाते. कळसा-भांडुरा प्रकल्पावरून कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र यांच्यात जो वाद चालला आहे त्याचा गाभा या पेन्सिलच्या रेषेत आहे, कारण रेषेच्या एका बाजूचे पाणी दुसरीकडे वळवायचे हाच तो प्रकल्प. या वादासाठी नेमलेल्या लवादाने २०१८ मध्ये मलप्रभेकडे वळवण्यासाठी ३.९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मंजूर केले. त्याच परिसरात २०११ मध्ये घोषित झालेले भीमगड अभयारण्य आहे. पाणी कोणाचे, जंगल कोणाचे आणि धारवाड-हुबळीची तहान कोणी भागवायची या प्रश्नांना रसायनशास्त्र एकटे उत्तर देऊ शकत नाही, आणि भावनेच्या भरात दिलेल्या उत्तराने तर अधिकच गोंधळ होतो.

आता निवडीविषयी. तुम्ही विज्ञान शाखेत आहात, हे मोलाचे आहे. पर्यावरणशास्त्राच्या एम.एस्सी.साठी बहुतेक ठिकाणी विज्ञानाची पदवी मागतात, तर भूगोलाच्या पदव्युत्तर वर्गात विज्ञानाच्या विद्यार्थ्यालाही अनेक ठिकाणी वाट असते. म्हणून भूगोल हा एक विषय घेऊन बी.एस्सी. करता आली तर दोन्ही दारे उघडी राहतात. बी.ए.ला भूगोल देणारी महाविद्यालये अधिक आहेत आणि बी.एस्सी.ला कमी, त्यामुळे प्रवेशाआधी विषयांचे गट नीट पाहावेत. भूगोलासह बी.एस्सी. जवळपास मिळाली नाही, तर रसायन आणि वनस्पतिशास्त्र घेऊन पदवी करावी आणि भूगोल स्वतः वाचत राहावे, असे माझे मत आहे. पुढे बेळगावचे राणी चन्नम्मा विद्यापीठ, धारवाडचे कर्नाटक विद्यापीठ आणि कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ ही तिन्ही तुम्हाला आवाक्यातली आहेत.

विभाग पाहायला जाल तेव्हा पदवीच्या नावापेक्षा क्षेत्रकार्याविषयी विचारा. विद्यार्थी वर्षातून किती दिवस बाहेर जातात, मोजणीची साधने त्यांच्या हाती देतात की कपाटात ठेवतात आणि संगणकावर भौगोलिक माहिती प्रणाली (जीआयएस, म्हणजे नकाशे आणि स्थळांची माहिती हाताळण्याचे तंत्र) शिकवतात का, हे प्राध्यापकांना विचाराच, पण शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही विचारा. छापील नोट्स पाठ करून पहिला वर्ग मिळवलेली मुले मी पाहिली आहेत; त्यांना स्वतःच्या गावाचा नकाशा हाती दिला तर उत्तर दिशा सापडत नाही. त्यांचा दोष नाही, त्यांना कोणी शिवारात नेलेच नाही, आणि याचे मला मनस्वी वाईट वाटते. क्यूजीआयएस ही संगणक प्रणाली विनामूल्य आहे आणि इस्रोचे भुवन हे संकेतस्थळही सर्वांना खुले आहे. हे दोन्ही हाताळता येणाऱ्या पदवीधराला नगररचना, जलसंपदा, वनविभागाची सल्लाकामे आणि पर्यावरणीय आघात मूल्यमापन अशा कामांत शिरकाव मिळतो. घरच्यांची काळजी रास्त आहे. त्यांना हे सांगा.

प्रश्न : मी निपाणीजवळच्या गावचा असून भूगोलात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रबंधिकेसाठी ‘कृष्णा आणि दूधगंगेचे पूर व अलमट्टी धरण’ असा विषय घेतला होता. मार्गदर्शकांनी तो फार मोठा आहे म्हणून परत केला. आमच्या भागाला इतका जिव्हाळ्याचा विषय सोडून द्यावा काय?
— एक विद्यार्थी, निपाणी

उत्तर : विषय सोडू नका, लहान करा. कर्नाटकातील अलमट्टी धरणाच्या फुगवट्यामुळे, म्हणजे धरणामागे साठून मागे पसरणाऱ्या पाण्यामुळे, वर महाराष्ट्रात पूर वाढतो हा आरोप सिद्ध करायचा किंवा खोडून काढायचा, तर कोयनेपासून अलमट्टीपर्यंतच्या धरणांचे तासातासाचे विसर्ग, नदीपात्राचे ठिकठिकाणचे छेद आणि जलगतिकीचे प्रतिमान (पाणी कसे वाहील याचे संगणकावरचे गणित) एवढे सगळे लागते. एम.ए.च्या एका वर्षात ते होत नाही, आणि अर्धवट माहितीवर काढलेला निष्कर्ष दोन्ही राज्यांतल्या भांडणात फक्त भर घालतो.

त्याऐवजी दूधगंगाकाठचे एक गाव किंवा लगतची दोन-तीन गावे घ्या आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी कोठपर्यंत आले, हा एकच प्रश्न धरा. त्या दिवसांत आकाश ढगांनी झाकलेले असल्याने साध्या उपग्रहचित्रांत फारसे काही दिसणार नाही. सेंटिनेल-१ या युरोपीय उपग्रहाच्या रडारला मात्र ढगांचा अडथळा होत नाही, आणि त्याची चित्रे विनामूल्य मिळतात. संथ पाण्यावरून रडारच्या लहरी दुसरीकडे परावर्तित होऊन उपग्रहाकडे परतत नाहीत, म्हणून चित्रात पाणी काळे दिसते. पुराआधीचे आणि पुरातले चित्र शेजारी ठेवले की बुडालेले क्षेत्र हाती येते.

पण तुमच्या भागात ऊस आहे, आणि खरा अभ्यास येथे सुरू होतो. उभ्या उसाच्या बुडाशी कमरेइतके पाणी असले, तरी रडारला वरची पाने आणि कांड्या दिसतात, त्यामुळे तो फड चित्रात बुडालेला दिसेलच असे नाही. म्हणजे उपग्रहाने काढलेले क्षेत्र प्रत्यक्षापेक्षा कमी भरण्याचा संभव आहे. ते किती कमी, हे फक्त गावात जाऊन कळेल. भिंतींवर पुराच्या गाळाची रेघ अजून शिल्लक असेल तेथे तिची जमिनीपासूनची उंची टेपने मोजा, मोबाइलच्या जीपीएसवर ठिकाण नोंदवा आणि शेतकऱ्यांना फडात पाणी किती दिवस होते ते विचारा. माणसे २००५, २०१९ आणि २०२१ या पुरांची सरमिसळ करतात, म्हणून प्रत्येक उत्तराला घरातल्या एखाद्या घटनेची जोड मागा : त्या साली कोणाचे लग्न ठरले होते, जनावरे कोठे नेली होती. अशा नोंदी आणि रडारचा नकाशा एकावर एक ठेवले की कोणत्या फडात उपग्रह चुकला ते दिसेल. एवढे प्रामाणिकपणे झाले तरी उत्तम प्रबंधिका होते, आणि पुढे नुकसानीचे पंचनामे करणाऱ्यांनाही ती उपयोगी पडू शकते.

प्रश्न : भूगोलात एम.ए. झाले आहे. महाविद्यालयात शिकवण्यासाठी नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) द्यावी की सेट (राज्य पात्रता परीक्षा), आणि सेट द्यायची तर कोणत्या राज्याची?
— बेळगाव

उत्तर : नेट उत्तीर्ण झाल्यास सर्व राज्यांत सहायक प्राध्यापकपदासाठी पात्रता मिळते, पण भूगोलाची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते. महाराष्ट्राची सेट मराठीतूनही देता येते, मात्र ती पात्रता महाराष्ट्र आणि गोव्यापुरती. कर्नाटकाची के-सेट कर्नाटकापुरती. सीमाभागातल्या उमेदवाराने हे आधीच ध्यानात घ्यावे, कारण महाराष्ट्राची सेट उत्तीर्ण होऊन बेळगावच्या महाविद्यालयात अर्ज केला तर त्या प्रमाणपत्राचा उपयोग होत नाही. नोकरी कोठे करायची हे ठरलेले नसेल, तर इंग्रजी पारिभाषिक शब्दांची तयारी करून नेटच द्यावी.