हेडलाइट पिवळी पडू नये म्हणून
नवी गाडी घेतलीस ना, मग आत्ताच ऐक. हेडलाइटची काच ही काच नसतेच, पॉलिकार्बोनेट प्लास्टिक असतं. त्यावर अतिनील किरणं अडवणारा पातळ थर असतो. तो उन्हाने झिजला की पिवळेपणा सुरू. म्हणून गाडी सावलीत लाव, ते जमलं नाही तर निदान तिचं तोंड तरी सावलीकडे कर. कोरड्या फडक्याने धूळ पुसू नकोस, आधी पाणी मार. दर दोन-तीन महिन्यांनी यूव्ही संरक्षणाचं सीलंट लाव. परवडत असेल तर सरळ पीपीएफ, म्हणजे संरक्षक पारदर्शक फिल्म, चिकटवून घे. आणि पिवळेपणा घालवायला टूथपेस्टच्या नादी लागू नकोस बाबा! मीही घासली होती. चार दिवस लखलखाट, पुढच्या उन्हाळ्यात आधीपेक्षा पिवळी. उरलासुरला थर मीच खरवडून काढला होता ना!