'ओशन्स इलेव्हन' हा चित्रपट जुना पाहावा की नवा?

एकच पाहायचा असेल तर डोळे झाकून २००१ चा, दिग्दर्शक स्टीव्हन सोडरबर्गचा. पण जमलं तर १९६० चाही पाहाच, निदान शेवटासाठी तरी.

जुन्यात गायक-अभिनेता फ्रँक सिनात्राची टोळी नववर्षाच्या रात्री लास व्हेगासमधले पाच कॅसिनो एकदम लुटते. सगळे महायुद्धातले जुने सोबती. मात्र पहिला तासभर गप्पांतच जातो, दरोड्याची आखणी फारशी कळतच नाही. नव्यात नेमकी तीच कसर भरून काढली आहे. तीन कॅसिनोंची एकच तिजोरी, तिची हुबेहूब नक्कल बांधून केलेली तालीम, आणि आपल्याला अर्धीच सांगितलेली योजना. त्यामुळे प्रेक्षक शेवटपर्यंत अंदाज बांधत राहतो.

शेवटात मात्र माझं मत जुन्याला. पैसे मेलेल्या साथीदाराच्या शवपेटीत लपवलेले असतात, आणि ऐनवेळी कळतं की इथे दफन नाही, दहन होणार आहे. रांगेत बसलेल्या मित्रांचे ते पडलेले चेहरे विसरता येत नाहीत. नव्यात बेलाजिओ कॅसिनोच्या कारंज्यांसमोर सगळे गप्प उभे राहतात आणि एकेक जण निघून जातो. तोही प्रसंग सुंदरच आहे, पण तिथे कुणी काही गमावलेलं नसतं.