घरची टर्बो गाडी आणि ट्यूनिंग : वाचकांचे प्रश्न

टर्बो पेट्रोल गाड्यांच्या रीमॅपबद्दल, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधले (ईसीयू) आकडे बदलण्याबद्दल, इतके प्रश्न साचलेत की या वेळचं सदर त्यालाच देऊन टाकतोय. उत्तरं देताना एक गोष्ट धरून चाललोय, की ही गाडी घरची आहे, सकाळी मुलांना शाळेत सोडणारी, सुट्टीत डिक्की भरून चढ चढणारी, आणि दुसऱ्या दिवशी काही कुरकुर न करता स्टार्ट व्हायला पाहिजे अशी. ट्रॅकवर पळवायच्या गाडीचं गणित वेगळं असतं, तिथे इंजिन उघडायची तयारी आधीच ठेवलेली असते.

प्रश्न : छोटं टर्बो पेट्रोल इंजिन आहे, घरात चार माणसं. ट्यूनर म्हणतो स्टेज वन करा, एकही पार्ट न बदलता वीस-पंचवीस टक्के पॉवर वाढेल. हे खरं असतं का? आणि इंजिनचं काय?

आकडा खरा आहे, टर्बो पेट्रोलमध्ये एवढा फरक निघतो. बिनटर्बोच्या गाडीत नुसत्या रीमॅपने फार तर चार-पाच टक्के मिळतात कारण ते इंजिन स्वतः ओढेल तेवढीच हवा आत येते, टर्बोमध्ये मात्र किती हवा कोंबायची हे ईसीयू वेस्टगेट (टर्बोचा जोर आवरणारी झडप) उघडून-मिटून ठरवतो, म्हणजे आकडे बदलले की हवा वाढली, हवा वाढली की पेट्रोल वाढलं, आणि पॉवर आली. कंपनीने हे आधीच का नाही केलं असं सगळे विचारतात. कारण कंपनीला तीच गाडी कडक उन्हात, उंच डोंगरावर, हलक्या पेट्रोलवर आणि वेळेवर ऑइल न बदलणाऱ्या माणसाच्या हातात पण चालवून दाखवायची असते, त्यासाठी बरीच जागा शिल्लक ठेवलेली असते. रीमॅप त्या शिल्लकीतून घेतो. किती घेतो हे सगळे विचारतात, पण कुठून घेतो हे जास्त महत्त्वाचं आहे आणि ते फारसं कोणी विचारत नाही.

म्हणजे काय ते सांगतो. ट्यूनर तुम्हाला ग्राफ दाखवेल त्यात टॉर्कची रेष 1600-1700 आरपीएमलाच सरळ वर उडालेली असेल, गाडी चालवून बघितली की पाठ सीटला चिकटते आणि माणूस तिथेच पैसे देऊन मोकळा होतो. पण इंजिनसाठी सगळ्यात वाईट जागा तीच आहे. कमी आरपीएमला पिस्टन सावकाश चालतो, सिलिंडरमधला दाब जास्त वेळ टिकतो, कनेक्टिंग रॉडवर सगळा भार तिथे येतो. आणि छोट्या डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणाऱ्या) टर्बो इंजिनांना तिथेच एक खास आजार आहे, त्याला एलएसपीआय म्हणतात. ऑइलचा एखादा थेंब किंवा कार्बनचा कण प्लगने ठिणगी टाकायच्या आधीच पेटतो आणि पिस्टन वर येत असतानाच स्फोट होतो. साधं नॉकिंग, म्हणजे ठिणगीनंतर उरलेलं मिश्रण दाबाखाली आपोआप पेटणं, असेल तर नॉक सेन्सर ऐकतो आणि ईसीयू ठिणगी थोडी मागे ढकलतो, पण इथे आग ठिणगीने लागलेलीच नसते त्यामुळे ठिणगी मागे ढकलून काही उपयोग नाही. एक जोरदार दणका पिस्टनच्या रिंगांमधला भाग फोडायला पुरतो.

आता बघा, चार माणसं, डिक्की भरलेली, चढ आहे, गाडी पाचव्या गिअरला 1500 वर आणि तुम्ही पाय पूर्ण दाबलात. ट्रॅकवरची गाडी या अवस्थेत कधी जात नाही, घरची गाडी रोज जाते. म्हणून ट्यूनरला स्पष्ट सांगा की खालचा टॉर्क सावकाश चढू दे, 2200-2500 च्या पुढे पाहिजे तेवढा दे. पाठ सीटला चिकटणार नाही, पण ओव्हरटेक करताना मधल्या आरपीएमला जो जोर खरंच लागतो तो पूर्ण मिळेल. ऑइल घेताना डब्यावर एपीआय एसपी बघा, 2020 मध्ये आलेल्या त्या दर्जात एलएसपीआयची टेस्ट धरलेली आहे, आणि त्यासोबत कंपनीने सांगितलेली ग्रेड आणि अप्रूव्हल पण जुळलं पाहिजे. आणि चढाला एक गिअर खाली घ्या, याला एक पैसा लागत नाही.

प्रश्न : रीमॅपच्या आधी गाडीत काय काय करून घ्यावं?

आधी गाडी कंपनीतून आली तेव्हा होती तेवढी तरी धडधाकट करा. मी तर म्हणेन निम्म्या लोकांना रीमॅपची गरजच उरणार नाही, कारण गेलेला पिकअप परत येतो.

पहिलं म्हणजे बूस्ट लीक, टर्बोने कोंबलेल्या हवेच्या दाबाची (बूस्टची) गळती. टर्बोपासून इंटरकूलर (तापलेली हवा गार करणारा) आणि तिथून इंजिनपर्यंत जाणारे रबरी पाइप हाताने चाचपून बघा, जोडाच्या क्लॅम्पखाली थोडं ऑइलचं ओलं असतं तेवढं चालतं, पण एखाद्याच जोडाबाहेर धूळ चिकटून काळा चिखल झाला असेल तर तिथून हवा बाहेर जातेय. ईसीयूला हवा कमी पडताना दिसते, तो टर्बोला अजून जोरात फिरवतो, आणि टर्बो बिचारा उगाच दीड-दोन लाख आरपीएमवर झिजत राहतो. खात्री करायची तर गॅरेजमध्ये स्मोक टेस्ट करून घ्या, धूर जिथून निघतो तिथे दोष.

दुसरं प्लग. बूस्ट वाढला की दाट हवेतून ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं, आणि प्लगची गॅप झिजून वाढलेली असेल तर फुल थ्रॉटलला ठिणगी विझते, गाडी वर जाता जाता फटफट करते. लोक टर्बोवर संशय घेतात, असतो प्लग. नवीन टाका आणि ट्यूनर सांगेल त्याप्रमाणे गॅप थोडी कमी ठेवा. मिसफायर अंगावर काढू नका, न जळलेलं पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो आतून वितळतो.

तिसरं, डायरेक्ट इंजेक्शनवाली गाडी बरीच चाललेली असेल तर इनटेक व्हॉल्व्हवरचा कार्बन. यात पेट्रोल व्हॉल्व्हवरून जातच नाही, थेट सिलिंडरमध्ये पडतं, त्यामुळे व्हॉल्व्ह कधी धुतले जात नाहीत आणि टाकीत कसलंही क्लीनर ओतलं तरी ते तिथवर पोचत नाही. मॅनिफोल्ड काढून अक्रोडाच्या कवचाच्या भुश्याने ब्लास्टिंग करतात तोच खात्रीचा उपाय.

प्रश्न : रीमॅप झालाय. गाडी छान पळते पण बरोबर झालाय की नाही हे मला कसं कळणार?

लॉग, म्हणजे सेन्सरच्या आकड्यांची नोंद, मागा. चांगला ट्यूनर स्वतःच देतो, न देणाऱ्याकडे मी गाडी ठेवणार नाही. ओबीडी पोर्टमधून (स्कॅनर जोडायची जागा) डायनोवर (जागच्या जागी चाकं फिरवून पॉवर मोजायचं मशीन) किंवा बंद रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये 2000 पासून वरपर्यंत फुल थ्रॉटलचा एक रन नोंदवायचा आणि चार गोष्टी बघायच्या. मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट एकमेकांना धरून चालले पाहिजेत. आत येणाऱ्या हवेचं तापमान रनमध्ये किती चढतंय ते बघा. मिश्रण बघा, हवा आणि पेट्रोलचं आदर्श प्रमाण 14.7 ला 1 पण पूर्ण लोडवर त्यापेक्षा जास्त पेट्रोल लागतं म्हणजे आतली आग थंड राहते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नॉकमुळे ठिणगीचं टायमिंग किती मागे घेतलं जातंय, तेही प्रत्येक सिलिंडरचं वेगळं. एखाद-दुसऱ्या वेळी अंशभर मागे गेलं तर ठीक आहे, सेन्सर त्यासाठीच असतो. पण प्रत्येक रनमध्ये त्याच सिलिंडरला चार-पाच अंश मागे घ्यावे लागत असतील तर मॅप फार ताणलाय किंवा पेट्रोल कमी पडतंय, आणि गाडी छान पळत असली तरी ती छान नाहीये. हा लॉग उन्हाळ्यात परत काढा, गार हवेत झालेला मॅप गरम हवेत वेगळा वागतो.

प्रश्न : जास्त ऑक्टेनचं पेट्रोल टाकणं गरजेचं आहे का?

मॅप ज्या ऑक्टेनसाठी केलाय तेच, कायम. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नाही, दाबाखाली आपोआप न पेटण्याची क्षमता आहे, त्यामुळे साध्या मॅपवर महागडं पेट्रोल टाकून फारसं काही मिळेलच असं नाही, पण 95 साठी केलेल्या मॅपवर 91 टाकलं तर ईसीयू सतत माघार घेत राहील. इथे साब या स्वीडिश गाडी कंपनीचं नाव घेतल्याशिवाय मला राहवत नाही. 1970 च्या दशकाच्या शेवटी त्यांनी 99 टर्बो आणली ती अशाच घरगुती गाडीत, पेर गिलब्रँड या इंजिनिअरने मुद्दाम छोटा टर्बो आणि वेस्टगेट वापरला म्हणजे जोर रोजच्या स्पीडला मिळेल, आणि पुढे 1980 च्या दशकात त्यांच्या एपीसी सिस्टिमने इंजिनला सेन्सर लावून नॉकिंग ऐकलं की बूस्ट कमी करायला सुरुवात केली, पेट्रोल कसंही असो. आज तुमच्या गाडीचा ईसीयू याच विचारावर चालतो, आणि वाईट ट्यूनर सगळ्यात आधी हीच संरक्षणं ढिली करतो. तेवढं करू देऊ नका.

इथेनॉल जास्त असलेलं पेट्रोल नॉकिंगला चांगलं टिकतं पण जास्त लागतं, शुद्ध इथेनॉलचं आदर्श प्रमाण 9 ला 1 आहे, म्हणजे तेवढ्याच हवेला कितीतरी जास्त इंधन द्यायचं, आणि ते इंजेक्टर आणि हाय प्रेशर पंपाला झेपलं पाहिजे.

प्रश्न : पुढचा खर्च कशावर करू, इनटेक, इंटरकूलर की डाउनपाइप?

इंटरकूलर. हवा एक बार बूस्टला दाबली की ती टर्बोतून शंभर अंशांच्या वर तापून बाहेर पडते, आणि कंपनीचा छोटा इंटरकूलर पहिल्या एक-दोन जोरदार रननंतर स्वतःच तापून बसतो. मग नॉकिंगची भीती, मग टायमिंग मागे, आणि पैसे देऊन घेतलेली पॉवर नेमकी लांब चढावर गायब. फक्त साइज बघून घेऊ नका, फार मोठा घेतला तर भरायला वेळ लागतो आणि मागच्या रेडिएटरची आणि एसी कंडेन्सरची हवा अडते.

इनटेकने आवाज येतो, पॉवर थोडीच. फिल्टरला ऑइल लावायचं असेल तर मोजकं लावा, जास्तीचं उडून आत येणारी हवा मोजणाऱ्या मास एअर फ्लो सेन्सरवर बसतं आणि रीडिंग बिघडतं. डाउनपाइपने, म्हणजे टर्बोच्या लगेच पुढच्या एक्झॉस्ट पाइपने, टर्बोला मोकळा श्वास मिळतो हे खरं, पण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकलेला पाइप घरच्या गाडीला मी कधीच सुचवणार नाही. बहुतेक देशांत रस्त्यावर तो बेकायदा आहे, आणि ज्या गाडीत मागे मुलं बसतात तिचा विषारी धूर सिग्नलला दुसऱ्यांच्या मुलांच्या तोंडावर सोडायचा हे मला पटत नाही.

प्रश्न : ब्लो ऑफ व्हॉल्व्हचा तो "फुस्स" आवाज पाहिजे. लावू?

गाडीत मास एअर फ्लो सेन्सर असेल तर नको. पाय सोडला की हा व्हॉल्व्ह टर्बोची दाबलेली हवा बाहेर सोडतो, म्हणजे सेन्सरने मोजलेली हवा तुम्ही बाहेर सोडता, ईसीयू मात्र तिच्या हिशोबाने पेट्रोल टाकतो, त्यामुळे गिअर बदलताना गाडी अडखळते. पॉवर शून्य वाढते.

प्रश्न : क्लच टिकेल का? ऑटोमॅटिक असेल तर?

मॅन्युअलची परीक्षा सोपी आहे. मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये 2000-2500 वरून पाय पूर्ण दाबा. टॉर्क चढतो तिथे आरपीएमचा काटा एकदम उडी मारून पुढे गेला आणि स्पीड मात्र तसाच राहिला तर क्लच प्लेट घसरतेय, जळका वास त्यानंतर येतो. टॉर्क पस्तीस टक्के वाढवलेल्या गाडीत जुनी प्लेट असली की हे व्हायचंच, आणि परत एकदा, टॉर्क सावकाश चढवला तर तीच प्लेट पुष्कळ चालते.

ऑटोमॅटिकमध्ये गिअरबॉक्सची मर्यादा आधी, इंजिनची नंतर. ड्राय ड्युअल क्लचवाले छोटे गिअरबॉक्स साधारण 250 न्यूटन मीटरच्या आसपास बनवलेले असतात, त्यावर उड्या मारायला लावू नका. सीव्हीटीचा (ठरावीक गिअरऐवजी बेल्ट आणि पुलीवर चालणारा ऑटोमॅटिक) बेल्ट एकदा घसरून पुलीला ओरखडा पडला की दुरुस्ती फार महाग जाते, मी सीव्हीटीला टॉर्क वाढवूच नका असं सांगेन. टॉर्क कन्व्हर्टरवाला ऑटोमॅटिक यातला सगळ्यात सोशिक, पण त्याचंही ऑइल "लाइफटाइम" म्हणून सोडून देऊ नका, बदला.

प्रश्न : ब्रेक आणि टायर पण बदलावे लागतील का?

पॉवरच्या आधी हेच करा, आणि ज्यांना दोन्ही परवडत नाही त्यांनी फक्त हेच करा. 100 ऐवजी 120 च्या स्पीडला गाडीत 44 टक्के जास्त ऊर्जा असते आणि ती सगळी डिस्क-पॅडने उष्णता करून घालवायची असते, वर माणसं आणि सामानाचं वजन. बहुतेकांना मोठ्या डिस्क लागत नाहीत, चांगले पॅड आणि ताजं ब्रेक ऑइल लागतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, डॉट 4 नवीन असताना निदान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरल्यावर हा आकडा 155 पर्यंत खाली येऊ शकतो, आणि उतारावर ते उकळलं की पेडल जमिनीला टेकतं. दर दोन वर्षांनी बदला.

टायर रुंद घ्या पण बाहेरचा घेर मूळच्या जवळपास ठेवा आणि लोड इंडेक्स कंपनीपेक्षा कमी घेऊ नका, 91 म्हणजे एका टायरला 615 किलो. गाडी खाली बसवणारे स्प्रिंग मात्र मागे तीन माणसं आणि बॅगा असल्या की बंपस्टॉपवर (सस्पेन्शनच्या शेवटच्या रबरी ठोकळ्यावर) आपटतात, घरच्या गाडीला नकोच.

प्रश्न : रीमॅपऐवजी ट्यूनिंग बॉक्स लावला तर? सर्व्हिसला जाताना काढून टाकेन, वॉरंटी वाचेल.

स्वस्तातला बॉक्स बूस्ट सेन्सर आणि ईसीयूच्या मध्ये बसून बूस्ट आहे त्यापेक्षा कमी सांगतो, म्हणून ईसीयू अजून देतो. म्हणजे इंजिनचा मेंदू चुकीच्या आकड्यांवर निर्णय घेतोय. नॉक सेन्सर सांभाळून घेतो तोवर सगळं ठीक दिसतं, पण नीट केलेल्या रीमॅपची सर त्याला नाही. आणि वॉरंटीचं म्हणाल तर बॉक्स काढला तरी ईसीयूमधल्या नोंदी राहतात, रीमॅप केलेल्या बऱ्याच गाड्यांत ईसीयूचं सॉफ्टवेअर किती वेळा बदललं (फ्लॅश झालं) हे मोजणारा काउंटर पण असतो. लपवायच्या भरवशावर काहीच करू नका. वॉरंटी संपेपर्यंत थांबा किंवा ती गेली असं धरून चाला, आणि इन्शुरन्स कंपनीला लेखी कळवा, अपघातानंतर त्यांना कळलं तर क्लेम अडकू शकतो.

रीमॅप केलाच तर मूळ फाइलची कॉपी ट्यूनरकडून घेऊन स्वतःकडे ठेवा. सर्व्हिस सेंटरला सॉफ्टवेअर अपडेट करायचा असेल तर आधी ती मूळ फाइल परत टाकून घ्या, अपडेट होऊ द्या, आणि नवीन सॉफ्टवेअरवर मॅप पुन्हा करून घ्या, जुना मॅप तसाच वरून चढवू नका.