लेकीचे गुण ग्रुपवर गेले, आता ती बाबांशी बोलत नाही

प्रिय ताई,

आम्ही इंग्लंडमध्ये स्लाउला राहतो. मुलगी इयर सिक्समध्ये, म्हणजे इथल्या प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षात आहे. सप्टेंबरात तिने ग्रामर स्कूलची (परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या सरकारी माध्यमिक शाळांची) इलेव्हन प्लस ही प्रवेशपरीक्षा दिली आणि ऑक्टोबरच्या मध्याला निकाल आला : ११४. इथे पात्र ठरायला १११ लागतात, म्हणजे ती पास झाली. त्याच रात्री आमच्या मराठी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी यादी सुरू केली. मुलाचं आद्याक्षर, गुण आणि कुठली शाळा हवी. माझ्या नवऱ्याने मला किंवा तिला न विचारता आमचीही ओळ भरून टाकली. बाकीचे आकडे १२०, १२६, १३१ असे.

सोमवारी शाळेत एका मुलाने तिला सगळ्यांसमोर विचारलं, "तुझे ११४च ना?" तिची जिवलग मैत्रीणही मराठीच आहे. ती दोन गुणांनी राहिली. तिच्या घरच्यांनी यादीत काहीच लिहिलं नाही, पण त्यामुळेच सगळ्यांना कळलं. दोघी मुलींनी आधी ठरवलं होतं की आपला आकडा कुणालाच सांगायचा नाही. आता मैत्रीण हिच्याशी बोलत नाही आणि ही बाबांशी बोलत नाही. नवरा म्हणतो, "पास झालीय, लपवायचं काय त्यात? आणि यादी बघितल्याशिवाय जागा मिळेल की नाही कसं कळणार?" नाशिकहून सासूबाई रोज विचारतात, कितवी आली? रविवारी पाच कुटुंबं फराळाला येणार आहेत. मी ग्रुप सोडू का? आणि खरं सांगू, ११४ वर जागा मिळेल का, ही काळजी मलाही झोपू देत नाही.

एक आई, स्लाउ

प्रिय मैत्रिणी,

सगळ्यात आधी तुमच्या लेकीबद्दल बोलू या. तुम्हाला वाटतंय की ती ११४ हा आकडा फुटल्यामुळे चिडली आहे. पत्र पुन्हा पुन्हा वाचल्यावर मला तसं वाटत नाही. तिने मैत्रिणीला शब्द दिला होता आणि तो तिच्या नकळत मोडला गेला. मैत्रिणीच्या नजरेत आता हिनेच सांगितलं, हिनेच फुशारकी मारली. मी काहीच केलेलं नाही, हे ही पोर तिला कसं पटवून देणार? दहा-अकरा वर्षांच्या मुलीला दिलेल्या शब्दाची किंमत आपल्यापेक्षा जास्त असते, कारण तिच्याकडे स्वतःचं म्हणून देण्यासारखं अजून फार थोडं असतं. त्या दोघींनी एवढ्या लहान वयात किती समजुतीने ठरवलं होतं बघा. एक पास होईल, एक कदाचित होणार नाही, आणि तरी आपली मैत्री टिकली पाहिजे. मोठ्यांपैकी कुणाला हे सुचलं नव्हतं.

म्हणून दुरुस्तीची सुरुवात तिथूनच व्हायला हवी आणि ती तिच्या बाबांनी करायची आहे, तुम्ही नाही. त्यांनी मैत्रिणीच्या घरी स्वतः जावं. फोनवर नको, ग्रुपवर तर नकोच. तिच्या आईवडिलांना आणि त्या मुलीलाही स्पष्ट सांगावं : "आकडा मी टाकला. हिला माहीत नव्हतं. हिने तुला दिलेला शब्द पाळला होता, तो माझ्यामुळे मोडला." एवढंच. निकालाबद्दल सांत्वन नको, "पुढच्या वेळी होईल" नको, अपील करा असा सल्लाही त्या दिवशी नको. त्या घरात आत्ता काय चाललं असेल याची आपल्याला कल्पना आहे. तिथे पास झालेल्या मुलीच्या बापाने धीर द्यायला बसू नये.

लेकीशीही त्यांनीच बोलावं. "सॉरी, पण मला अभिमान वाटला म्हणून टाकलं" असं म्हणू नका, कारण त्या "पण" नंतरचंच तिच्या लक्षात राहील. "तुला विचारायला हवं होतं, मी विचारलं नाही," हे पुरे. मग तिला विचारा की आकडा कुणाला सांगितलेला चालेल. आजीला? मावशीला? कुणालाच नाही? जे म्हणेल ते पाळा. ती लगेच बोलायला लागेल असं नाही. तिला वेळ लागू द्या.

आता तुमच्या यजमानांच्या प्रश्नाकडे येते, कारण तो खोटा नाही. यादीशिवाय कळणार कसं? पुण्यात किंवा नाशकात असतो तर शेजारचे काका, शाळेतल्या बाई, आत्याचा मुलगा, कुणीतरी त्या वाटेवरून आधी गेलेलं असतं. इंग्लंडमध्ये आपली ही पहिलीच पिढी, स्वतः त्या शाळांत न शिकलेली. ग्रुप हाच शेजार असतो. सरावाची पुस्तकं कुठली घ्यायची, मॉक टेस्ट कुठे होतात, अर्ज कधी उघडतो, हे सगळं तुम्हाला तिथूनच कळलं असणार. धास्तीही समजण्यासारखी आहे. अख्ख्या इंग्लंडमध्ये सरकारी ग्रामर स्कूल उरली आहेत १६३, नवी काढायला १९९८ च्या कायद्याने बंदी आहे, आणि स्कॉटलंड-वेल्समध्ये तर ती नाहीतच. जागा मोजक्या आणि परीक्षेला बसणारी मुलं कितीतरी जास्त, मग माणूस आकडे गोळा करणारच.

पण त्या यादीतून त्यांना हवं ते उत्तर मिळतच नाही. हे त्यांना शांतपणे समजावून सांगा, कारण हे पटल्याशिवाय ती सवय सुटणार नाही.

पहिलं म्हणजे, यादीत लिहितं कोण? १३१ वाला निकाल आल्याच्या पाचव्या मिनिटाला लिहितो. ११२ वाला विचार करतो, आणि १०८ वाला गप्प बसतो. त्यामुळे ती यादी वाचणाऱ्या प्रत्येकाला आपलं मूल तळाशी आहे असं वाटतं. तुमची मुलगी पात्र ठरली आहे, तरी तुम्ही पत्रात "११४च" असल्यासारखं लिहिलंय, ते यादी वाचून. त्या मुलाने तिला विचारताना जो "च" लावला, तोही घरी ऐकलेलाच असणार.

दुसरं, आकड्यांची सरमिसळ. स्लाउची बरीच मुलं शेजारच्या बकिंगहॅमशायरचीही परीक्षा देतात. तिथे पात्रतेचा गुण १२१, तुमच्याकडे १११. म्हणून बकिंगहॅमशायर दहा गुणांनी अवघड, असा अर्थ होत नाही. ती मोजपट्टीच वेगळी आहे. तुमच्या यादीतले १२६ कुठल्या परीक्षेतले, हे कुणी लिहिलंय का? शिवाय हे गुण म्हणजे बरोबर आलेल्या उत्तरांची संख्या नव्हे. ते वयानुसार जुळवलेले असतात. इंग्लंडमध्ये शाळेचं वर्ष १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट असं धरतात, म्हणून एकाच वर्गात सप्टेंबरात जन्मलेलं मूल आणि ऑगस्टमध्ये जन्मलेलं मूल यांच्यात जवळजवळ वर्षाचं अंतर असू शकतं. लहान मुलावर अन्याय होऊ नये म्हणून ही जुळवणी. दोन मुलांनी तेवढीच उत्तरं बरोबर दिली तरी त्यांचे अंतिम गुण वेगळे येऊ शकतात. आणि तीच मुलगी आणखी एखाद्या शनिवारी त्याच परीक्षेला बसली असती, तर दोन-चार गुण इकडेतिकडे झाले असते. ११४ आणि ११७ मध्ये फरक शोधत बसण्यात काही हशील नाही.

तिसरी गोष्ट तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची. स्लाउमध्ये चार ग्रामर स्कूल मिळून एकच परीक्षा घेतात : लँगली, हर्शेल, अप्टन कोर्ट आणि सेंट बर्नार्ड्स. पण १११ नंतर जागा कुणाला द्यायची, हे प्रत्येक शाळा आपापल्या नियमांनी ठरवते. सेंट बर्नार्ड्स कॅथलिक शाळा आहे, तिथे कॅथलिक मुलांना प्राधान्य. इतरत्र घर कुठल्या भागात आहे, शाळेपासून किती लांब, भावंडं तिथे आहेत का, कुटुंबाचं उत्पन्न कमी म्हणून मुलाला सरकारी मदत मिळते का, गुण किती, यातलं काय आधी बघायचं ते नियमपत्रिकेत लिहिलेलं असतं. तुमच्या ग्रुपच्या यादीत पत्त्याचा रकाना आहे का? नाही ना? मग ती यादी कितीही लांब झाली तरी तुमच्या मुलीबद्दल काय सांगणार?

जे सांगू शकतं ते उघडपणे उपलब्ध आहे. चारही शाळांच्या संकेतस्थळांवर प्रवेशाचे नियम असतात. मागच्या वर्षी जागा कशा वाटल्या गेल्या, याची माहिती कौन्सिलच्या, म्हणजे तुमच्या स्थानिक पालिकेच्या, प्रवेशपुस्तिकेत मिळते. काही कळलं नाही तर शाळेच्या प्रवेश विभागाला सरळ फोन करा. हे काम तुमच्या यजमानांकडे द्या. त्यांना मुलीसाठी काहीतरी करायचंय, ही भावना चांगली आहे. तिला योग्य जागी कामाला लावा.

जागा मिळेलच असं मी लिहू शकत नाही. पात्र ठरणं म्हणजे प्रवेश पक्का नव्हे. पण दोन गोष्टी मनाला थोडी उसंत देतील. कौन्सिलच्या अर्जावर तुम्ही शाळा कुठल्या क्रमाने लिहिल्या, हे शाळांना कळत नाही. प्रत्येक शाळा फक्त आपल्या नियमांनी मुलं लावते, आणि जिथे जिथे जागा बसते त्यातली तुमच्या क्रमातली सगळ्यात वरची तुम्हाला मिळते. म्हणून "ही वर लिहिली तर ती हातची जाईल" असली ग्रुपवरची गणितं सोडा आणि तुम्हाला मनापासून आवडलेली शाळा पहिली लिहा. अर्जात घराजवळची एक साधी, निवडपरीक्षा नसलेली शाळाही जरूर टाका. तिथे मुलीला आधी स्वतः घेऊन जा, तिला नीट दाखवा, नाक न मुरडता. दुसरं असं की यादीतलं तेच मूल तीन-चार शाळांना पात्र असलं तरी शेवटी एकाच बाकावर बसतं. १ मार्चला जागा जाहीर झाल्यावर कुणी खासगी शाळेत जातं, कुणी घर बदलतं, आणि प्रतीक्षायादी सरकत राहते. ती सप्टेंबरात शाळा सुरू झाल्यावरही निदान ३१ डिसेंबरपर्यंत चालू ठेवावी लागते.

ग्रुप सोडू का, असं विचारलंय. रागाने सोडू नका. सोडलात तर आणखी चार दिवस तीच चर्चा चालेल. त्यापेक्षा तुम्ही दोघांच्या नावाने एकदाच लिहा : "आमच्या मुलीचा आकडा तिला न विचारता टाकला गेला. त्याचा तिला शाळेत त्रास झाला. कृपया आमची ओळ यादीतून काढा. मुलांना विचारल्याशिवाय कुणीच गुण लिहू नयेत, अशी विनंती. अर्ज, तारखा, नियम यांची माहिती आम्ही नेहमीसारखी देत राहू." कुणाचं नाव घेऊ नका, वाद घालू नका. कुणी "एवढं काय त्यात" म्हणालं तर उत्तर देऊ नका. मला खात्री वाटते की मनातून हेच वाटणारी दोन-तीन घरं तरी त्या ग्रुपवर असतील आणि कुणीतरी आधी बोलावं याची वाट पाहत असतील. आद्याक्षर टाकलंय म्हणजे नाव झाकलं, हा समज तर पार काढून टाका. चाळीस घरांत "स" कोण आणि इयर सिक्सला कोण, हे शोधायला कुणाला किती वेळ लागतो? आणि तुम्ही स्वतःच लिहिलंय की ज्यांनी काही लिहिलं नाही, त्यांचंही सगळ्यांना कळलं. यादीत नसलेल्या मुलांचीही ती यादीच झाली. यजमानांनी हे वाक्य नीट वाचावं.

सासूबाईंवर रागावू नका. त्या आणि तुम्ही दोघं ज्या महाराष्ट्रात वाढलात, तिथे दहावी-बारावीची गुणवत्ता यादी लागायची, वर्तमानपत्रात पहिल्या पानावर मुलांचे फोटो यायचे, "बोर्डात आला" असं गल्लीभर सांगायचे, चौथीच्या स्कॉलरशिपपासून नंबर विचारायचे. बोर्डाने ती यादी केव्हाच बंद केली, पण "कितवी आली" हा प्रश्न जिभेवर राहून गेला. त्यात त्यांचं प्रेमच आहे. त्यांना सांगा, "आई, इथे नंबर काढत नाहीत, पात्र की नाही एवढंच बघायचं. ती पात्र ठरली. आता मार्चमध्ये शाळा कळेल." काही भागांत क्रमांक कळवतात हे खरं, पण तुमच्या लेकीच्या बाबतीत एवढं उत्तर पुरेसं आणि खरं आहे. मग फोन लेकीकडे द्या आणि त्यांना दुसरं काहीतरी विचारू द्या. ती काय वाचतेय, किल्ला केला का, चकली कशी झाली.

रविवारच्या फराळाचं मात्र आधी ठरवून ठेवा. येणाऱ्या घरांपैकी ज्यांच्याशी तुमचं जमतं, त्यांना शनिवारीच सांगा की उद्या परीक्षेचा विषय नको. तरीही कुणी मुलीला विचारलंच, तर उत्तर तिला द्यावं लागू नये. तुमच्यापैकी एकाने लगेच म्हणावं, "ते आम्ही तिच्यावर सोडलंय." आणि विषय बदलावा. शक्यतो तिच्या बाबांनीच म्हणावं. आपली बाजू ते सगळ्यांसमोर घेतात, हे तिने ऐकलं तर घरातल्या दहा माफ्यांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल. मैत्रिणीच्या घरच्यांना बोलावलं नसेल तर बोलवा, पण आग्रह करू नका. यायचं की नाही ते त्यांना ठरवू द्या.

कौन्सिलचा अर्ज ३१ ऑक्टोबरच्या आत भरायचा आहे. या गडबडीत तो राहता कामा नये. शाळांचा क्रम लावताना लेकीला शेजारी बसवा, तिला कुठली इमारत, कुठली प्रयोगशाळा, कुठले शिक्षक आवडले ते विचारा, आणि सबमिट करण्याआधी तिला एकदा वाचून दाखवा.

तुमची,
ताई